एकाच कापडाचे दोन फ्रॉक

ओडेसाताई,

टटलसाहेबांच्या औषधाच्या दुकानातलं सोड्याचं काउंटर आठवतं ना? गोऱ्यांनी उंच स्टुलावर बसून काचेच्या ग्लासातून प्यायचं आणि आपण काळ्यांनी कागदी पेला घेऊन बाहेर पडायचं. मी आजीसारखी उजळ, गोरीच वाटावी अशी. नऊ वर्षांची असताना एकदा सरळ स्टुलावर चढून बसले. साहेबांनी गोरी समजून काचेच्या ग्लासात चेरी सोडा दिला.

तो अर्धा झाला आणि दारात तू आलीस. आपल्या दोघींच्या अंगावर आईने पिठाच्या पोत्याच्या कापडाचे शिवलेले, एकसारखे फ्रॉक.

साहेबांनी विचारलं, "ही कोण गं तुझी?"

मी म्हटलं, "आमच्या मोलकरणीची पोर. उरलेलं कापड आईने तिला दिलं."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग मान खाली घालून म्हणालीस, "ताईसाहेब, बाईसाहेबांनी घरी बोलावलंय."

घराजवळ आल्यावर तू विचारलंस, "ग्लास हाताला गार लागतो का गं?"

मोठी झाल्यावर गाव सोडलं आणि मी गोरी म्हणूनच जगले. गोऱ्याशी लग्न केलं, तुझी पत्रं फाडली. काल नातीला ट्रंकेत आपला त्या फ्रॉकमधला फोटो सापडला. तुझ्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "आजी, ही कोण गं?"

ताई, या खेपेला तर विचारणारी सहा वर्षांची होती. तरी मी म्हटलं, "आमच्या मोलकरणीची मुलगी."

पाकिटावर तुझं नाव घालायचं धाडस अजून होत नाही.

तुझी म्हणायची लायकी नसलेली,
व्हर्लीन