सर्वेक्षणातलं सर्वोत्तम तोंड

तीर्थस्वरूप मावशीस,

धाकट्या भाचीचा वाकून, आणि या खेपेस जरा जास्तच वाकून, नमस्कार. तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? जेवण जातं का गं? आमच्याकडून परत गेल्यापासून तुझी कवळी सापडत नाही, आणि सुनेनेच ती खरकट्याबरोबर टाकली म्हणून तू तिच्याशी बोलत नाहीस, असं कानावर आलं. (बोल गं तिच्याशी. गरीब आहे बिचारी.)

मी बरी आहे, म्हणजे नोकरी आहे तोवर बरी आहे. आमच्या खात्याने यंदा दातांच्या सर्वेक्षणाचे कागद बंद करून मोबाईलवर ॲप दिलं. घरोघर जायचं, माणसाला आ करायला लावायचं, फोटो काढायचा, प्रश्नांवर बोट टेकवायचं, की झालं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. प्रत्यक्षात माणूस आ करतो तेव्हा ॲप नुसतं गोल गोल फिरत बसतं, आणि ॲप तयार होतं तेव्हा माणसाला शिंक येते नाहीतर माझ्या पगाराची चौकशी सुचते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर तोंडातल्या टाचण्या काढायलाच नकार दिला. ॲपने त्या दातांना बसवलेल्या तारा म्हणून मोजल्या.

माझ्या नोंदी सगळ्यांत कमी, आणि माझा करार वाढवायचा की नाही, हे साहेब याच महिन्यात ठरवणार. म्हटलं, घरीच जरा हात बसवावा. नवऱ्याला आ करायला सांगितलं, तर माझ्या हातातला चमचा बघूनच त्याला उमासे आले. शेवटी न्हाणीघरात, बेसिनच्या फळीवर, मला एक तोंड सापडलं. शांत, स्वच्छ, कुरकुर नावाला नाही. वय तुझंच टाकलं, नावही तुझंच (आयत्या वेळी दुसरं सुचेना). दात दुखतात? नाही. हिरड्यांतून रक्त? नाही. गार पाणी झोंबतं? मुळीच नाही. (मावशी, शपथेवर सांगते, मी एकही उत्तर खोटं दिलेलं नाही.) ॲपने हिरवी चांदणी दिली! पण आधी 'सराव'चं बटण दाबायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मंडईत भाजी निवडत असताना मोबाईलला रेंज आली आणि ती नोंद मला न विचारता साहेबांकडे जाऊन पोचली. ती परत बोलवायची सोय ॲपमध्ये नाही.

साहेब हुरळून गेले. या वयात असे दात अख्ख्या सर्वेक्षणात नाहीत म्हणे. मी खरं सांगायला तोंड उघडलंच होतं, पण तेवढ्यात त्यांनी नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा मला चहा विचारला, आणि उघडलेलं तोंड मी चहा प्यायला वापरलं. तेव्हापासून मला मेली झोप नाही.

घरात सर्वांना नमस्कार. सुनेला विशेष.

तुझी,
धाकटी

ता. क. साहेब आणि मोठ्या दंतवैद्य बाई गुरुवारी माझ्या घरी या थोर तोंडाच्या दर्शनाला येत आहेत. माझा करार आता त्यांच्याच हातात आहे. तू बुधवारीच ये. खात्याकडे दात पोचले आहेत, मावशी तेवढी पोचायची राहिली आहे.

ता. क. कवळी माझ्याकडे ग्लासात सुखरूप आहे. पाणी रोज बदलते. तुला लगेच कळवणार होते, पण तोवर तिला चांदणी मिळाली होती. सुनेला काय सांगायचं ते तू सांग, फक्त माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. बाई तुला सर्वांसमोर अख्खं सफरचंद चावून दाखवायला सांगणार आहेत. घाबरू नकोस, मी ते आधीच उकडून ठेवते.