एकेचाळीस सेकंदांची शांतता आणि इतर मालमत्ता

मी, ओतिलिया बार्रिया, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, निवृत्त प्राध्यापिका, राहणार वाल्दिव्हिया, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत, आणि कान यंत्रावर चालतात. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. भाची म्हणाली होती, "मावशी, एवढी घाई काय आहे?" तेव्हा दबाव झालाच असेल, तर तो न करण्याचा होता. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागात केलं होतं.

कलम पहिलं. नदीकाठचं माझं लाकडी घर, आतल्या सामानासह, भाची योहाना हिला द्यावं. स्वयंपाकघरातली लाकडाची शेगडी काढून तिथे गॅसचं काही बसवू नये. लाकूड उन्हाळ्यातच भरून ठेवावं आणि विकत घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघावेत, कारण योहानाला कोणीही ओलं लाकूड गळ्यात मारतो. सफरचंदाचं झाड शेजारच्या कुंपणावर झुकलं आहे. त्यावरून मी बावीस वर्षं भांडले. तिने भांडू नये, सफरचंदं वाटून घ्यावीत.

कलम दुसरं. बँकेत जे काही असेल ते अचाओ बंदरासमोरच्या बेटावरच्या शाळेला, मुलांच्या होडीसाठी. माझं पहिलं संशोधन तिथेच झालं. पावसात भिजून आलेली ती मुलं शेगडीपाशी मोजे वाळत घालायची आणि मग माझ्या यंत्रांपुढे बसायची.

कलम तिसरं. तळघरातले नऊ संगणक आणि त्यांचे सत्तावीस माउस गावातल्या तंत्रशाळेला द्यावेत, पोरं निदान उघडून तरी बघतील. एका संगणकाला तीन माउस कशाला, असं नोटरी विंकलर यांनी विचारलं, म्हणून लिहिते. तीन मुलं, एक पडदा. तिघांनी एकच उत्तर निवडलं तरच पुढचं गणित दिसतं. दोघांचं जुळलं आणि तिसरं मूल गप्प बसलं, तर पडदा ढिम्म हलत नाही. मग हुशार पोराला नाक मुठीत धरून शेजारच्याला समजावून सांगावंच लागतं. एकत्र शिकणं म्हणजे काय यावर मी पाच पुस्तकं लिहिली, चौदा देशांत भाषणं ठोकली. सगळं या तीन माउसवर.

कलम चौथं. त्या पाचही पुस्तकांच्या प्रती माझा एकेकाळचा विद्यार्थी आणि आजचा विभागप्रमुख इग्नासियो याला द्याव्यात. दोन पुस्तकांना त्याची प्रस्तावना आहे. आता पुस्तकंही वाचावीत.

कलम पाचवं. वर्गांतल्या ध्वनिफिती. पालकांकडून घेतलेल्या संमतीपत्रात लिहिलं होतं की माझ्यानंतर त्या नष्ट कराव्यात. पण ती मुलं आता मोठी झाली आहेत. योहानाने आधी त्यांना शोधावं आणि विचारावं. ज्याला हवा त्याला त्याचा आठव्या वर्षीचा आवाज परत मिळावा. उरलेल्या फिती जाळाव्यात.

कलम सहावं. हे मालमत्तेचं नाही. विंकलर म्हणाले, बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

आमच्या कामात दोघांनी एकच फीत वेगवेगळ्या खोल्यांत बसून ऐकायची असते. मुलांच्या प्रत्येक बोलण्याला, प्रत्येक गप्प बसण्याला शून्य ते चार असा अंक द्यायचा. शून्य म्हणजे मुलांनी एकमेकांना सोडून दिलं, चार म्हणजे ती खरोखर एकत्र आहेत. सगळ्या फिती संपेपर्यंत एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर एकाचं मत दुसऱ्याला चिकटतं. अकरा वर्षं मी आणि नीबाल्दो कार्कामो यांनी हे काम केलं. फितींबद्दल बोलायचं नाही, म्हणून त्या महिन्यांत आम्ही काहीच बोलायचो नाही. तो रोज दुपारी माझ्या खोलीच्या दाराबाहेर कागदात गुंडाळलेला गरम मिल्काओ, बटाट्याची जाड भाकरी, ठेवून जायचा. बटाटा किसताना त्याची बोटं सोलवटायची, हे मला ठाऊक होतं. माझं त्याच्यावर प्रेम होतं. मी भूतकाळात लिहिलं, ते चुकलं. आहे.

दोन हजार पाच साली बेटावरच्या एका फितीवर आमचं अडलं. दोन मुलगे आणि एदित नावाची एक मुलगी. मुलग्यांनी उत्तर निवडलं, एदितने नाही, आणि पुढे एकेचाळीस सेकंद कोणी काही बोललं नाही. मी शून्य दिलं. नीबाल्दोने चार दिले. असं झालं की दोघांनी एका टेबलाशी बसायचं, फीत पुन्हा लावायची आणि जुळेपर्यंत बोलायचं, हा आमचाच नियम. तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "ओतिलिया, तुला ऐकू आलेलं नाही. चल, शेजारी बस, परत लावू या."

मी म्हटलं, "माझे कान तुझ्याहून चांगले आहेत."

मी बसले नाही. इग्नासियोला तिसरा म्हणून बोलावलं. तो माझ्या हाताखाली पदवी करत होता, त्याने शून्य दिलं. निबंध छापून आला, त्यात एदित म्हणजे 'दुसऱ्यांच्या जिवावर पुढे जाणारं मूल' याचं उदाहरण झाली. नीबाल्दोने आपलं नाव काढून घेतलं, पुस्तकं दोन खोक्यांत भरली आणि तो थेट दक्षिणेला, पुएर्तो नातालेसला शाळेत शिकवायला गेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

आता खरं सांगते. मला तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं होतं. चोपन्न वर्षांची होते आणि आवाज ऐकण्यावरच माझी भाकरी होती, म्हणून मी ते कोणाजवळ बोलले नाही. गेल्या हिवाळ्यात योहानाने धरून नेलं आणि कानात यंत्र बसवलं. घरी येऊन मी पहिली ती फीत लावली. बाविसाव्या सेकंदाला एक मुलगा दुसऱ्याला हळूच सांगतो, "थांब, तिचं होऊ दे." मग ते दोघं थांबतात. एदित पुटपुटत मोजत असते, तेही ऐकू येतं. ती मोजते, ते थांबतात, आणि मग तिघांचे माउस एकापाठोपाठ वाजतात.

चार. नि:संशय चार. एदित, पोरी, तुझे ते चार मी चोरले. योहानाने तिला आधी शोधावं. ज्या मासिकात निबंध आला होता त्याला मी दुरुस्ती धाडली आहे, त्या दुरुस्तीवर नीबाल्दोचं नाव माझ्या आधी घातलं आहे.

आणि नीबाल्दो, एकोणीस वर्षं रोज दुपारी माझं लक्ष दाराकडे जातं. निवृत्तीनंतर घरच्या दाराकडे जातं. तू असतास तर यंत्र दहा वर्षं आधी बसलं असतं. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, आणि मला तुझी फार आठवण येते.

कलम सातवं. नीबाल्दो कार्कामो यांना या मृत्युपत्रान्वये काहीही देऊ नये. चमचाही नाही. कारण आमच्या कायद्यात साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, आणि मला त्याला साक्षीदार करायचं आहे. वाटा दिला असता तर मी मेल्यावर त्याच्या घरी एक पाकीट गेलं असतं. साक्षीदाराला मी जिवंत असताना यावं लागतं, कायद्याने सगळं मृत्युपत्र मोठ्याने वाचलं जाईपर्यंत माझ्यासमोर बसावं लागतं, मधे उठून जाता येत नाही.

मे महिन्यात त्याला पत्र टाकलं. उत्तर नाही. तो विमानात बसत नाही, बोटीने चार दिवस लागतात, गुडघे त्याचेही गेले असतील. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे त्याच्याबद्दल म्हणावं की माझ्याबद्दल, मला कळत नाही. विंकलर यांनी खबरदारी म्हणून तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी खालच्या बेकरीतल्या ब्रिसेइदाबाईंचं नाव टंकून ठेवलं आहे. त्या भल्या आहेत. त्यांनी राग मानू नये.

वाल्दिव्हिया, दिनांक १४ ऑगस्ट २०२४.

(सही) ओतिलिया बार्रिया

साक्षीदार पहिला: (सही) अर्नोल्दो माल्दोनादो, घड्याळ दुरुस्ती.

साक्षीदार दुसरा: (सही) फ्रेसिया उरिबे, शिक्षिका.

साक्षीदार तिसरा: टंकलेलं नाव खोडलं, दुरुस्ती ग्राह्य. (सही) नीबाल्दो कार्कामो, राहणार पुएर्तो नातालेस.

नोटरीची नोंद: मृत्युपत्र कर्तीसमोर व तिन्ही साक्षीदारांसमोर संपूर्ण वाचण्यात आलं. वाचन संपल्यावर सही करण्यापूर्वी तिसऱ्या साक्षीदाराने सहावं कलम पुन्हा वाचण्याची विनंती केली. कायद्यात तशी तरतूद नाही, मनाईही नाही. पुन्हा वाचण्यात आलं.

(सही व शिक्का) आ. विंकलर, नोटरी