शुभेच्छुकांच्या रांगेत मी

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज चौकातल्या फ्लेक्सवर माझा चेहरा दिसला. भावी नगरसेवकाचा वाढदिवस, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी. असल्याच फ्लेक्सांची मी दर रविवारी साप्ताहिकात सालटी काढतो. फोटोत माझ्या खांद्यावर कुणाची तरी बोटं राहिलीत.

त्या फ्लेक्सांवरचा मजकूरही मीच लिहितो, हे फक्त बसवराजला ठाऊक होतं. शाळेपासूनचा मित्र, फ्लेक्सचं दुकान त्याचंच. "चार ओळी खरडायच्या, संध्याकाळी रोख. शिकायचं काय न्हाई त्यात," तोच म्हणाला होता. माझी अट एकच, नाव कुठं येता कामा नये. एवढी घाई कसली होती मला पैशांची?

दुकानात गेलो, तर म्हणतो, "नाव कुठं टाकलंय लेका? फोटो टाकलाय. बाकीच्यांकडून पैसे घेतो, तुझा फुकट."

"काढ तो."

"साहेबांनीच मागितला. ओळी कोण लिहितंय विचारले, सांगून टाकलं. लई हसले. म्हणाले, आता बघू रविवारी काय लिहितोय."

रविवारी काय लिहू?

फोटो बसवराजच्या पोरीच्या लग्नातला आहे. खांद्यावरची ती बोटं त्याचीच. स्वतःचं तोंड तेवढं नीट कापून काढलंय.