फळाची कबर

४ मार्च, सोमवार

नाव सापडली. माणूस नाही.

पलीकडच्या लव्हाळ्यात अडकली होती म्हणे. जाळं कोरडं, कंदील जागच्या जागी. माझा ओडुंडो तेवढा नाही. काल बाकीच्या सगळ्या नावा परत आल्या. आणि सरोवर तर ताटासारखं सपाट होतं! बुडाला कसा? चालायच्या आधी पोहायला शिकलेलं पोर माझं. बेटांकडे जाऊन तीन-तीन, चार-चार दिवस राहायचा, कधी काही झालं नाही.

रिस्पर दारात बसून आहे. सुनेला काय सांगू? मी पेज केली. दोघींनीही तोंडाला लावली नाही. कोंबड्यांना घातली.

६ मार्च, बुधवार

पाळकसाहेब येऊन गेले. दोन कप चहा प्यायले. "डोर्सिलाबाई, देवाच्या इच्छेपुढे मान तुकवा."

अहो, काय झालंय ते आधी कळू तर द्या! नवरा गेला तेव्हा तुकवली. धाकटी तापाने गेली तेव्हा तुकवली. आता काय मोडून घेऊ?

तोंडावर बोलले नाही मी. "बरं" म्हणाले आणि कप उचलले.

१० मार्च, रविवार

चर्चला गेले. महिला मंडळाचा पांढरा रुमाल डोक्याला, पहिल्या बाकावर, नेहमीच्या जागी. प्रभूच्या प्रार्थनेत ती ओळ आली – जसं वर तसं इथेही त्याच्या मनासारखं होऊ दे – आणि मी तोंड मिटलं. सगळं चर्च म्हणत होतं. मी नाही.

कुणाच्या लक्षात आलं नाही. देवाच्या आलं असेल. येऊ दे!

१३ मार्च, बुधवार

नेरियाला गाठलं. सुकी मासळी घेऊन ती पार बेटांपर्यंत जाते. म्हटलं, "बघ गं बाई, कुठे दिसला तर."

"अगं, मावशी मावशी म्हणत माझ्या ओसरीवर वाढला तो. मी ओळखणार नाही होय?" असं म्हणाली खरी, पण मान खाली घालून मासळीच भरत राहिली. तिलाही वाटतंय तो गेला म्हणून. सगळ्यांनाच वाटतंय.

१७ मार्च, रविवार

आजही ती ओळ म्हटली नाही.

२ एप्रिल, मंगळवार

ओलुओच भाऊजी आले, सोबत कुळातले दोन म्हातारे. देह मिळत नाही तर त्याच्या जागी यागोच्या झाडाचं फळ पुरू या म्हणतात. बुडालेल्यांसाठी आपल्याकडे तेच करतात, मला का माहीत नाही? माझ्या चुलत्याच्या जागी पुरलेलं फळ मी डोळ्यांनी पाहिलंय. जाड, लांबडं, माणसाच्या नावाने मातीत घातलेलं.

"जागा दिली नाही तर तो घराभोवती भटकत राहील, वहिनी."

"भटकू दे. त्या निमित्ताने घरी तरी येईल!"

म्हातारे खाकरले. भाऊजी हळूच म्हणाले, "आणि पोरीचं काय? नवरा मातीत गेल्याशिवाय तिला ना कुणाचा उंबरा चढता येत, ना माहेरी जाता येत. तुमच्या हट्टापायी अडकलीय ती."

"एवढी घाई असेल तर खड्डा खणा आणि तुम्हीच झोपा त्यात!"

उठून गेले. चहा तसाच राहिला. बरं झालं.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभूने बागेत केलेल्या प्रार्थनेवर पाळकसाहेब बोलले. दुःखाचा प्याला टळो म्हणून प्रभूने विनवलं आणि मग बापाच्या इच्छेला शरण गेला. बोलताना सारखे माझ्याकडे बघत होते. पण त्याने आधी मागितलं तरी! घाम गाळून मागितलं. मी मागितलं की तो हट्ट?

आणि मरियेला कुणी विचारलं होतं? तिचं पोर होतं ना ते?

२८ एप्रिल, रविवार

रिस्परचा भाऊ आला. आत येईना, फाटकाबाहेरूनच बोलला. तिची आई अंथरुणाला खिळलीय. अन्न जात नाही. एकसारखी हिचंच नाव घेते.

तो गेल्यावर रिस्पर कितीतरी वेळ फाटकाचा खांब धरून उभी होती. मी हाक मारली नाही. मारून काय सांगणार होते?

२९ एप्रिल, सोमवार

आज फुटली ती. सहा वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता पोरीने.

"तुम्ही तुमच्या लेकाची वाट बघा, आई. माझी आई माझी वाट बघत मरेल!"

मी काय बोलले? "तुला मेलीला घाई झालीय, दुसरा शोधायची!" – असं बोलले. माझ्या तोंडून गेलं. ती भांडी घेऊन पाण्यावर गेली. जीभ झडली का नाही माझी!

३० एप्रिल, मंगळवार

देवा, तुला नक्की हवंय तरी काय? तो हवा होता, घेतलास. आता मीच त्याला मेला म्हणावं हेही हवंय? माझ्या हाताने? एवढंही माझ्यापाशी ठेवू नये? मला झोप नाही, भूक नाही, धड रडूही येत नाही. आशा सोडली तर आई कसली मी? न सोडली तर ती म्हातारी लेकीला न बघता जाईल. मला दोन्हीकडून कापतोयस तू.

५ मे, रविवार

म्हटली ती ओळ. मोठ्याने म्हटली.

पाळकसाहेब सांगायचे, शरण गेलं की शांती मिळते. शांती बिंती काही नाही. घसा तेवढा सुकला. चर्चमधून तशीच भाऊजींच्या दारात गेले, म्हटलं, "फळ आणा." ते मागचं सगळं विसरून चटकन उठले, मला बसायला खुर्ची दिली.

११ मे, शनिवार

झालं.

पाळकसाहेबांनी निक्षून सांगितलं, "झाडाच्या फळावर मी प्रार्थना करणार नाही." भाऊजी म्हणाले, "मग झाडाखाली उभे राहून करा!" शेवटी साहेब कुंपणापाशी उभे राहिले आणि डोळे मिटून घरच्यांसाठी प्रार्थना केली. फळाकडे पाठ होती.

फळ त्याच्या चांगल्या कपड्यात गुंडाळायचं माझ्या मनात होतं. रविवारचा निळा शर्ट, नाताळात मीच इस्त्री केलेला. पेटी उपसली, रिस्परने गादीखालीही बघितलं. नाहीच! दुखवट्याच्या गर्दीत कुणी उचलला असेल. मेल्याच्या कपड्यांवरही डोळा! मग जुना स्वेटर घेतला. कोपरावर फाटलेला.

फळ मी उचललं. जन्मला तेव्हा एवढाच जड होता तो. तिथे मात्र रडले, सगळ्यांदेखत हंबरडा फोडून रडले. रिस्परनेच मला धरलं.

१३ मे, सोमवार

रिस्पर माहेरी गेली. निघताना म्हटलं, "मी त्या दिवशी बोलले ते..." "असू दे आई," म्हणाली. घर खायला उठतंय. मी कबरीपाशी जाऊन बसते.

२३ मे, गुरुवार

रिस्परचा निरोप आला. आई गेली. पण शेवटपर्यंत हिच्या हातून पेज घेत होती, हिच्याकडे बघून हसायची. "आई, तुमच्यामुळे भेट झाली," असं सांगून पाठवलंय.

म्हणजे यासाठी होतं का देवा? असेल. रविवारी ती ओळ पुन्हा म्हणेन. या खेपेला थोडी सोपी जाईल असं वाटतंय.

६ जून, गुरुवार

नेरिया आली. आधी दार लाव म्हणाली.

बेटावरच्या बाजारात दिसला. मासे तोलत होता. खांद्यावर पोर, दोनेक वर्षांचं. शेजारी बाई, त्याला हसून काहीतरी सांगत होती. अंगात निळा शर्ट. नेरियाला बघून बाजूला आला, म्हणाला, "मावशी, आईला सांगू नकोस. मेलोय तेच बरंय."

देवाची इच्छा, देवाची इच्छा म्हणत पुरलं आम्ही. ही तर माझ्या पोराची इच्छा होती!

देवा, तुझ्यावर केवढी रुसले होते. आणि तू काही केलंच नव्हतंस.