बरडावरचे माहेर

मी, तुळशीबाई भ्रतार कै. रूपचंद पाटील, वय अंदाजे अठ्ठावन्न, धंदा शेती, जुन्या मुंबई राज्याच्या विधानसभेची माजी सभासद, राहणार तळोदा, जिल्हा धुळे, माहेर रनाळे, तालुका नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही. मला राग आलेला आहे. कचेरीबाहेरचा दस्तलेखक म्हणाला, "बाई, कागदमा राग नका टाकू, कागद कच्चा व्हई जास." मी त्याच्याकडून कोरा कागद तेवढा घेतला आणि घरी आले. राग आणि शुद्ध एकाच डोक्यात नांदू शकतात. माझ्या डोक्यात दोघे दहा वर्षे नांदत आहेत.

हे आताच लिहिण्याचे कारण असे. सरकारी दवाखान्यातल्या नर्स सुसानाबाई यांनी माझी नाडी पाहून तोंड फिरवले, तेव्हाच मी समजले. मला मूलबाळ नाही. माझ्यासारखी निपुत्रिक बाई मृत्युपत्र न करता मेली, तर बापाकडून तिला आलेली जमीन बापाच्याच वारसांकडे परत जाते, असे कायदा म्हणतो. माझ्या बापाचे वारस दोन उरतील, माझा भाऊ लोटन आणि धाकटी बहीण दगूबाई. दगूचा अंगठा लोटनच्या खिशातच असतो. म्हणजे जे वावर मी कोर्टात भांडून मिळवले, ते माझी राख निवण्याआधी लोटनच्या नावावर चढेल. ज्या कायद्याने लेकीला पुढच्या दाराने घरात घेतले, त्यानेच भावासाठी मागचे दार उघडे ठेवले. ते दार मी या कागदाने लावून घेत आहे.

कलम पहिले. माझे वडील कै. सुकलाल पाटील यांनी मक्त्याची शेती करून, मिरचीच्या उत्पन्नातून रनाळ्याला जमीन घेतली. वडिलार्जित काही नव्हते, सगळी त्यांच्या घामाची. ते १९५६ च्या दिवाळीनंतर वारले. त्याच वर्षी लेकीला लेकाइतका हक्क देणारा कायदा झाला होता. तो दिल्लीत व्हावा म्हणून मी मुंबईच्या सभागृहात उभी राहून बोलले होते. तेराव्याला मी लोटनला एवढेच म्हटले की तलाठ्याकडे तिघांची नावे लाव. त्याचा घास हातातच राहिला. १९५२ च्या निवडणुकीत बैलगाडीवर उभा राहून, "मन्ही बहीण मुंबईले जाई, बायास्ना हक्क लई येई" असे घसा बसेपर्यंत ओरडणारा हाच लोटन. हक्क येणार तो दुसऱ्यांच्या घरी, अशी त्याची समजूत असावी.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने माझे तिकीट कापले. भावाशी वाद असलेली बाई मतदारांना चालत नाही, असे कारण दिले. वाद असलेला भाऊ मात्र चालला. तिकीट लोटनला मिळाले आणि तो निवडून आला.

त्या वर्षीच्या अखाजीला आम्हा दोघी बहिणींना त्याने मूळ लावले, म्हणजे आणायला गाडी पाठवली. आमच्या खानदेशात अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते. झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, जी वर्षभर वाकून काम करते ती चार दिवस ताठ बसते. लोटनने दोघींना सारखी हिरवी लुगडी आणली होती. नेसून झाल्यावर म्हणाला, चला, जरा चावडीवर जाऊन येऊ. चावडीवर तलाठी हक्कसोडपत्र लिहूनच बसला होता. आम्ही दोघी राजीखुशीने, भावावरच्या मायेने, जमिनीवरचा हक्क सोडत आहोत असे त्यात होते. दगूने माझ्याकडे पाहिले, लोटनकडे पाहिले आणि अंगठा दिला. शाई पुसायला जागा नव्हती म्हणून नव्या लुगड्याला पुसली. मी हात मागे घेतला. तेव्हा लोटन तलाठ्यासमोर म्हणाला, "ताई, भाषण मुंबईमा करानं ऱ्हास, घरमा नही." मी घरी आले, लुगडे सोडून घडी घातली आणि आपल्या जुन्या लुगड्यात सडकेपर्यंत चालत गेले. त्यानंतर मला कधी मूळ आले नाही.

कलम दुसरे. ते हिरवे लुगडे पेटीत तळाशी आहे. ते लोटनला द्यावे. अर्धा दिवससुद्धा अंगावर नव्हते, नव्यासारखेच आहे. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर घालायला माहेरचे लुगडे येते. त्या वेळी लोटन ते घेऊन दारात आला, तर घेऊ नये. माझ्या अंगावर त्याचे सूत पडता कामा नये. माझे माहेरचे लुगडे कोठून येईल ते पुढे लिहिले आहे.

कलम तिसरे. विधानसभेच्या छापील कामकाजाचे खंड माझ्या कपाटात आहेत. ते इथल्या मुलींच्या शाळेला द्यावेत. काचेच्या कपाटात घालून कुलूप लावायचे असेल, तर देऊ नयेत, त्यापेक्षा भजीवाल्याला द्यावेत, निदान कोणी उलगडून पाहील.

त्यांत माझी भाषणे आहेत. दुष्काळी कामावर बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी का, असे मी विचारले. दगड बाईला पाहून हलका होतो का, असेही विचारले. पुढे कंसात छापले आहे: हशा. आमच्या भागातल्या सालदारीबद्दल मी बोलले. माझ्या बापाच्या घरी नारसिंग भील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, होता. वर्षाच्या मजुरीचे साल त्याचे, पण त्याची बायको रमीबाई रोज पहाटे आमच्या गोठ्यातले शेण काढी, अंगण झाडी, पाणी भरी, फुकट, कारण ती सालदाराबरोबर आलेली. एकदा तीच मला म्हणाली होती, "ताई, शेण मी काढस आनि साल धनीना नावनं." मी तिचे वाक्य तसेच्या तसे सभागृहात म्हणून दाखवले आणि ही वेठ नाही तर काय आहे असे विचारले. कंसात: हशा. त्यांना अहिराणीचे हसू आले की शेणाचे, मला माहीत नाही. लेकीच्या वाटणीवर बोलले तेव्हा एक सन्माननीय सभासद उठून म्हणाले की बाईंचे ऐकून आमच्या घरच्या बायका बिघडतील. तिथला हशा सगळ्यांत मोठा होता, पण छापताना सगळे हशे सारखेच छापतात.

आणि नंतरच्या एका खंडात लोटनचे भाषण आहे. विषय स्त्रीपुरुष समता. दगड बाईला हलका लागतो का, हे त्यात आहे. रमीबाईचे वाक्यही आहे, शुद्ध मराठीत करून. त्याच्या कंसात छापले आहे: टाळ्या. तो खंड हातात धरून मी जिन्यावर बसले आणि रडले. रागाने रडले, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर कोणी म्हणेल बहिणीची माया. त्या दिवशी रमीबाई त्याच्याच गोठ्यात शेण काढत होती.

शाळेने ही भाषणे मुलींकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. जिथे हशा छापला आहे, तिथे थांबावे आणि मुलींना विचारावे, यात हसण्यासारखे काय होते. कोणाला उत्तर आले, तर माझ्या नावाने तिला पेढा द्यावा.

कलम चौथे. तळोद्याचे घर भाड्याचे आहे, ते मालकाचे मालकाला. भांडीकुंडी आणि तांबडी गाय रमीबाईला. लोटनने नारसिंगला काढल्यावर दोघे माझ्या वावरात राहायला आले. त्यांच्या झोपडीखालची जागा मी रमीबाईच्या नावाने देते, नारसिंगच्या नव्हे. नारसिंग चांगला माणूस आहे. माझे यजमान रूपचंदही चांगले होते, मुंबईच्या गाडीपर्यंत माझी पेटी स्वतः उचलत. पण बाईच्या डोक्यावरचे छप्पर माणसाच्या चांगुलपणावर टांगलेले असू नये. माझे वावर पुढे जो कोणी करील, त्याने रमीबाईच्या कामाची मजुरी तिच्या हातात द्यावी.

कलम पाचवे, आणि याच्यासाठीच सगळा खटाटोप. कोर्टाच्या हुकमाने मला तिसरा हिस्सा मिळाला. मोजणीच्या दिवशी लोटनने मोजणीदाराला जेवू घातले आणि माझ्या वाट्याला बरडाकडची, खडकाळ माळाची बाजू आली. कुसळी उगवायची तिथे. मी, रमीबाई आणि नारसिंग अशा तिघांनी दगड वेचले, विहीर खणली, आज तिथे लोटनपेक्षा तिखट मिरची होते. वावराच्या मधोमध मोठा निंब आहे. हे वावर, विहीर आणि निंब मी दगूबाईला तहहयात देते. तिने कसावे, खावे. मात्र विकण्याचा, गहाण टाकण्याचा, बक्षीस देण्याचा किंवा हक्क सोडण्याचा अधिकार तिला नाही. तिच्यानंतर तिची लेक रंजनाबाई पूर्ण मालक. म्हणजे उद्या कोणी दगूला पुन्हा लुगडे नेसवून चावडीवर नेले, तरी तिच्या अंगठ्याने एक ढेकूळ हलणार नाही. मी पाच वर्षे सभागृहात जांभया द्यायला बसले नव्हते.

इथवर लिहून मी दगूला वाचून दाखवले. ती दोन दिवसांपूर्वी मला पाहायला आली आहे. मला वाटले ती गळ्यात पडेल. ती उठून उंबऱ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "माले वावर नको, ताई."

मी विचारले, का नको?

"वावर लिसू तं अखाजीले माले कोन लेवाले यी?" ती म्हणाली. "तुले कोनी उना का? दर अखाजीले तू खिडकीमा बसस. माले ठाऊक शे."

मला तिचा इतका राग आला की पेन फेकले. शाईचा डाग वर आहे, त्याला खाडाखोड समजू नये. मी म्हटले, चार दिवसांच्या झोक्यासाठी जन्माची जमीन देतेस? ती म्हणाली, "झोकासाठे नही वं. कोनी तरी वाट पाही ऱ्हायना, त्यान्हासाठे."

यावर सभागृहात मला उत्तर सुचले असते. पण ती खरे बोलत होती. मी खिडकीत बसते. सडकेवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की माझा हात केसांवरून फिरतो. कायदा करताना आम्ही जमीन मोजली, दिवस मोजले, हिस्से मोजले, पण जी बाई हिस्सा मागेल तिला अखाजीला कोण आणायला जाईल, हे कोणाच्याही भाषणात नाही. माझ्याही नाही. भावांना ते पक्के माहीत आहे. ते जमीन धरून ठेवतात ती काठीने नाही, त्या एका गाडीच्या जोरावर. म्हणून पेन उचलून खालचे कलम आता, दगू समोर असताना, वाढवत आहे.

कलम सहावे. बरडाकडचे वावर हे आजपासून माहेर समजावे. विहिरीजवळच्या खोलीला आणखी एक खण काढावा आणि मिरचीच्या उत्पन्नातून दर अखाजीला निंबाला झोके बांधावेत. रनाळ्याच्या ज्या ज्या लेकीने हक्क मागितला म्हणून तिच्या भावाने मूळ लावायचे बंद केले असेल, तिला मूळ या वावरातून जावे. कोणत्या जातीची, हे विचारू नये. भिलाटीतल्या लेकीही रनाळ्याच्याच. आलेल्या लेकीला सांजोरी वाढावी आणि कुठल्याही कागदावर तिचा अंगठा घेऊ नये. हे करणे दगूबाईवर आणि तिच्यानंतर रंजनाबाईवर बंधनकारक आहे. माझ्या मयताला माहेरचे लुगडेही याच वावरातून यावे. रंग दगूने निवडावा, हिरवा सोडून.

लोटनला शांतीबाई नावाची एकच लेक आहे. तो जिवंत आहे तोवर तिची गाडी चुकणार नाही, मायाळू बाप आहे तो. पण त्याचे मुलगे बापाकडे पाहूनच शिकलेले आहेत. त्याच्यानंतर शांतीला चावडीवर नेतील आणि तिने हात मागे घेतला, तर तिलाही मूळ इथूनच जावे. लोटनला हे कलम मुद्दाम वाचून दाखवावे.

कलम सातवे. माझ्यामागे पक्षाने शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर लोटनला बोलू देऊ नये. तो फार चांगले बोलतो, हेच दुखणे आहे.

सहावे कलम मी दगूला वाचून दाखवले. मग ती उंबऱ्यातून उठून माझ्याजवळ आली, मी बाजूला ठेवलेले पेन उचलून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "लिखी ले, ताई. वावर मी लेस. आनि पहिलं बलावनं तुले धाडसू. यंदानी अखाजीलेच."

सुसानाबाई म्हणतात त्यावरून यंदाची अखाजी मला दिसेल किंवा न दिसेल. गाडी आली, तर मी जाईन. येण्याआधीच गेले, तर रिकामी गाडी तळोद्याच्या दारापर्यंत यावी आणि मगच परत जावी.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदार मी निवडून घेतले आहेत. एक बाई आणि एक भील. लोटनच्या ओट्यावर दोघांनाही बसायला मिळत नाही. उद्या कोर्टात त्यांच्या शब्दावर त्याला उभे राहावे लागेल.

सही: तुळशीबाई रूपचंद पाटील, सुकलाल पाटलांची थोरली लेक

साक्षीदार:
१. सुसाना गावित, नर्स, मूळ राहणार नवापूर तालुका. सही. बाईंनी माझ्यासमोर सही केली, त्या पूर्ण शुद्धीत होत्या.
२. आमश्या वसावे, जीप ड्रायव्हर, तळोदा. सही. अखाजीले बैलगाडी नही भेटनी तं जीप मन्ही.

ठिकाण: तळोदा
तारीख: १२ एप्रिल १९६६, मंगळवार