काळी गाडी, हिरवी गाडी

ता. ४ जानेवारी ५४, सो.
यायले, माह्या घरधन्याले, पह्यल्यांदा मोटारीनं वर्धेले नेलं. पोटातली गाठ वाढली, बैलबंडीत बसवत नाई आता. सदूची काळी गाडी केली. देवळीच्या मालकाकडं हे ड्रायव्हर होते तवा बारा वर्सं हेच गाडी चालवली यायनं. मालकानं विकली, सदूनं घेतली. सदूले शिकवलं तेबी यायनंच. थंडीत हँडल मारून मारून सदूचा दम निघाला. टप फाटका, स्प्रिंग म्हंजे दगड. मी मांडीवर पाण्याचा लोटा धरून होती, वर्धा येवस्तोर अर्धा सांडला, लुगडं ओलं. हे मागं निजून हुकूम सोडत होते. "सद्या, गेर टाक." "कधी टाकू उस्ताद?" "इंजन मांगते तवा टाक, तुले वाटते तवा नाई." मी म्हटलं गप पडा, पोट दुखते ना. तर मलेच, "तू आपला लोटा सांभाळ."
डॉक्टर म्हणे दर सोमवारी आणा. खाणं, ओकारी, दुखणं लिहून ठेवा. म्हणून हे वही. तिसरी शिकली मी. जमन तसं.

५ जाने.
कालच्या धक्क्यानं उठवत नाई. पेज दोन घास. ओकारी १. सदूले सांगून आली, पुढच्या सोमवारी नको. तोंड पाडलं त्यानं. पाडो.

११ जाने. सो.
दुसऱ्या मोटारवाल्याची, शेषरावची हिरवी गाडी केली. तेबी जुनीच, पन बटन दाबलं का चालू. गादी मऊ, काचा बंद, वारं नाई. रस्त्यानं कापसाच्या बंड्याइची रांग, तिच्यातून अलगद काढली. ब्रेक मात्र उशिरा लागते, एका बैलाच्या शेपटीपाशी जाऊन थांबली. लोटा भरला तसाच. मी खूश. यायले विचारलं, कसं वाटते? "चांगली हाय." अजून? "चांगली हाय म्हटलं ना." शेषरावसंग एक शब्द नाई. मले वाटलं झोप लागली. डोळे उघडेच होते, छताकडं.

१४ जाने. संक्रांत
तिळगूळ नाई केला. ओकारी २.
दुपारी आपणहून बोलले. "काळी थांब म्हटलं तिथं थांबते. डावीकडं वढते, पन सांगून वढते. हिरवीचं मले काई समजत नाई. पावण्यावानी बसा लागते." मी म्हटलं, दुखणं कोणत्या गाडीत कमी ते सांगा. "हिरवीत." मंग? "मंग काई नाई."

१८ जाने. सो.
हिरवीच. पाणी सांडलं नाई. ओकारी ३. डॉक्टरनं ठेवून घेतलं.

२३ जाने.
डॉक्टरनं मले व्हरांड्यात बोलावलं. वही घेतली, पानं उलटली, परत दिली. "आता लिहू नका बाई. घरी न्या." म्हटलं सोमवारी आणू का? "नको." भांडली त्याच्यासंग. त्याचा काय दोष...
यायले येवढंच सांगितलं, उद्या घरी. म्हणे, "काळी सांग." म्हटलं येड लागलं का, धक्क्यानं जीव जाईन. "मले पुढं बसवजो. सदूच्या बाजूले." बसवते तरी का तुमाले? भिंतीकडं तोंड केलं.
शेषराव सवारी घेऊन आलता, हिरवी पुसून दवाखान्याच्या फाटकापाशी उभा. म्हटलं जा बापा, नको. मंग मीच मोटार-स्टँडवर गेली. सदू सवारीची वाट पाहून राह्यला होता. "वयनी, हळूच नेईन, पायी चालल्यावानी." म्हटलं फार हळू नको नेजो, वरडतीन तुह्यावर. रडाले लागला मेला, भर स्टँडवर.

२४ जाने. सकाळ
नको म्हटलं तरी लिहून राह्यली. दूध चार घोट. ओकारी नाई.
सदू बाहेर हँडल मारून राह्यला. हे खाटेवर कान लावून हायेत. दोनदा नुसती फुसकली. "थंडी भरली तिले," म्हणे. तिसऱ्या हँडलले चालू झाली. यायचा हात चादरीवरच हालला, गेर टाकल्यावानी.
सदू आत येऊन राह्यला उचलाले. लोटा शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईले देऊन टाकला. यायले धराले दोनी हात लागतीन मले