चिकटू नये म्हणून

३ मार्च
शर्टाला सात बटणं असतात. कशाला? या अन्यायाविरुद्ध आजवर कोणीही आवाज उठवलेला नाही. आज मी उठवला. बायकोने सांगितलं, आवाज नंतर उठवा, आधी हनुवटी वर करा.

पत्र्याचा डबा उघडताना डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन, म्हणजे बोट वाकवणारी आतली दोरी, तुटला. सर्जननी जोडला आणि भोवती पातळ फिल्म गुंडाळली. जखम भरताना टेंडन आजूबाजूला चिकटून बसतो, मग बोट वाकत नाही. मध्ये फिल्म असली की चिकटत नाही. याला म्हणतात विज्ञान!

मी शाळेत पीटी शिकवतो. मूठ वळली नाही तर बारला लटकणं संपलं. मग नोकरीत उरली शिट्टी.

५ मार्च
फिजिओथेरपिस्टबाईंचा हुकूम: दर तासाला उजव्या हाताने ते बोट हलकेच दहा वेळा वाकवायचं. व्यायाम, आणि मला शिकवतात! असो. उद्या पहाटे सहापासून सुरू.

६ मार्च, सकाळी ९.१०
झोपेत जखम लवकर भरते. उठलो नाही.
दुपारी: दोनदा वाकवलं. दुखलं. शरीर काहीतरी सांगत होतं. मी ऐकून घेणारा माणूस आहे.

११ मार्च
बायकोने विचारलं, बोट हलवलंत का. तिला फिल्म समजावली, आकृती काढून. ती म्हणाली, एवढ्या वेळात दहादा झालं असतं. हिला विज्ञानाचं वावडंच.

१९ मार्च
फिजिओबाईंनी बोट वाकवलं. माझ्या ओरडण्याने बाहेरचे दोन पेशंट निघून गेले म्हणे. बाईंनी विचारलं, शाळेत मुलं व्यायामाला कुरकुरली तर काय करता? मैदानाला एक चक्कर, मी बाणेदारपणे सांगितलं. त्यांनी कॉरिडॉर दाखवला.
सोमवारपासून नक्की.

२८ मार्च
बोट ताठ वाटतंय. फिल्म जाड बसवली असणार. हल्ली कोणी मन लावून काम करत नाही.

१२ एप्रिल
सर्जन म्हणाले, मूठ वळा. बाकीची बोटं वळली. मधलं त्यांच्याच तोंडासमोर ताठ उभं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

फिल्मबद्दल कडक तक्रार केली. ते म्हणाले, ती दोन आठवड्यांतच विरघळली. तशीच बनवलेली असते. तोवर आणि त्यानंतरही बोट हलतं ठेवणं तुमचं काम होतं.

म्हणजे मी जिच्या भरवशावर होतो, ती कधीच निघून गेलेली.

टेंडन चिकटलाय. सोडवायला पुन्हा ऑपरेशन, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच व्यायाम. मूठ वळेल ना, विचारलं. ते म्हणाले, ऑपरेशन मी करीन. पुढचं कोण करणार? बायको छताचा पंखा बघत होती.

१३ एप्रिल
गेला दीड महिना माझे मैदानावरचे तास गणिताच्या बाईंनी उन्हात उभं राहून घेतले. आज त्यांना म्हटलं, तुमचा शेवटचा गणिताचा तास मी बघतो, तुम्ही घरी जा. त्या दोनदा विचारून गेल्या.

अपूर्णांक मला येत नाहीत. वर्गाला मूठ उघड-मीट करायला लावली, दहा वेळा. मीही केली, मधलं तेवढं ताठच. पुढच्या बाकावरची मुलं शहाण्यासारखी खिडकीबाहेर बघत राहिली.